‘तीनच तर पायऱ्या आहेत’ : दिव्यांग व्यक्ती, घर आणि सोसायटी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘तीनच तर पायऱ्या आहेत, चार जण उचलून नेतील की!’ बाबांना पक्षाघात झाल्यानंतर ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या सभेत हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. बोलणारे काका मनाने वाईट नव्हते, दोनदा त्यांनी स्वतः खुर्ची उचललीही होती. पण डॉक्टरकडे जायचं तर आधी चार जण घरी आहेत का ते बघायचं, असं किती दिवस चालणार? पुढे त्याच सोसायटीची मी सेक्रेटरी झाले. तेव्हापासून ओळखीपाळखीतून लोकांचे फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांबद्दलचे जास्त आहेत, कारण फोन तिथूनच जास्त येतात. मी वकील नाही. प्रकरण कोर्टात जाणार असेल तर वकील गाठा.

घराच्या बाबतीत दिव्यांग व्यक्तीला कायद्याने नेमकं काय दिलं आहे?

मुख्य कायदा म्हणजे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६. तो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याआधीच्या १९९५ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. पार्किन्सन्स, थॅलेसेमिया, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती हे सगळे त्यात येतात.

घराशी थेट संबंध येतो तो चार-पाच कलमांचा. कलम ३ दिव्यांगत्वामुळे भेदभाव करायला मनाई करतं. कलम ५ म्हणतं की दिव्यांग व्यक्तीला चारचौघांसारखं समाजात राहण्याचा हक्क आहे. ‘यांना एखाद्या संस्थेत ठेवा’ अशी सक्ती कोणी करू शकत नाही. कलम १३ नुसार ती स्वतःच्या नावावर घर घेऊ शकते आणि वारसाही होऊ शकते. कलम ३७ मध्ये सरकारी गृहयोजनांतलं आरक्षण आहे आणि कलम ४४ नव्या बांधकामांबद्दल आहे. या दोन्हींबद्दल पुढे लिहिलं आहे.

पण आमची सोसायटी खाजगी आहे. हा कायदा सरकारी कार्यालयांसाठी ना?

हा गैरसमज मी खुद्द चेअरमन मंडळींच्या तोंडून ऐकला आहे. कायद्यात ‘खाजगी आस्थापना’ कोणाला म्हणायचं याची व्याख्या आहे, आणि तिच्यात कंपनी, फर्म, न्यास यांच्याबरोबर ‘सहकारी किंवा इतर संस्था’ हे शब्द स्पष्ट आहेत. गृहनिर्माण सोसायटी ही सहकारी संस्थाच आहे, नोंदणी प्रमाणपत्रावर तसं छापलेलं असतं. व्याख्येच्या त्या पानाची झेरॉक्स अर्जाला जोडा. निम्मा वाद तिथेच मिटतो.

‘वाजवी सोय’ हा शब्द सारखा ऐकू येतो. त्याचा अर्थ काय?

एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने राहता यावं म्हणून तिच्या गरजेपुरता केलेला आवश्यक आणि योग्य बदल. फक्त त्याचा समोरच्यावर अवाजवी भार पडता कामा नये. महत्त्वाचं हे, की अशी सोय नाकारणं हाच भेदभाव, असं कायद्याच्या व्याख्येतच लिहिलेलं आहे. म्हणजे ‘आम्ही कुठे भेदभाव करतोय, आम्ही तर सगळ्यांना सारखंच वागवतो’ हे उत्तर चालत नाही. सगळ्यांना सारख्याच तीन पायऱ्या देणं म्हणजे सारखं वागवणं नव्हे. २०२१ मध्ये विकास कुमार यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट तपशीलवार मांडली आहे. ते प्रकरण परीक्षेत लेखनिक मिळण्याचं होतं, पण तत्त्व तेच.

‘वाजवी’ दोन्ही बाजूंनी लागू होतं, हेही लक्षात ठेवा. बारा सदनिकांच्या, चार मजली, जेमतेम शिल्लक असलेल्या सोसायटीकडे एका महिन्यात लिफ्ट बसवून मागितली तर ती मागणी टिकणार नाही. पण कठडा, रँप, पार्किंगची अदलाबदल, इंटरकॉम खाली बसवणं यात अवाजवी भार दाखवणं कमिटीलाच कठीण जातं.

मग सोसायटीने रँप बांधलाच पाहिजे का? हो की नाही, एका शब्दात सांगा.

एका शब्दात सांगता येत नाही, आणि जे सांगतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. ‘जुन्या निवासी इमारतीने अमुक तारखेपर्यंत रँप बांधावा’ असं थेट वाक्य कायद्यात नाही. जुन्या इमारती पाच वर्षांत सुगम, म्हणजे दिव्यांगांना वापरता येतील अशा, करण्याचं कलम आहे, पण ते सार्वजनिक इमारतींसाठी. म्हणून आपण तो रस्ता धरायचाच नाही. आपला रस्ता कलम ३ चा: मला घराबाहेर पडता येत नाही, मी एक ठरावीक आणि परवडणारी सोय मागतो आहे, ती नाकारलीत तर तो भेदभाव ठरेल. अशा मागणीला ‘नाही’ म्हणायचं तर कमिटीला कारण लेखी द्यावं लागतं, आणि ते लिहायला बसल्यावर बऱ्याच कमिट्यांचं मन बदलतं.

रँप केवढा हवा? आमचे सेक्रेटरी म्हणतात, सुताराकडून एक फळी करून घेऊ.

या एका प्रश्नावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण चुकीचा रँप हा रँप नसण्यापेक्षा वाईट.

साधं गणित आहे, उतार १:१२ चा. एक फूट चढायला बारा फूट लांबी. पायरी साधारण १५ सेंटिमीटरची धरली तर तीन पायऱ्या म्हणजे ४५ सेंटिमीटर, आणि रँप ५.४ मीटर, सुमारे अठरा फूट. जोता ६० सेंटिमीटर असेल तर ७.२ मीटर. आकडा ऐकून सभेत हमखास हसू फुटतं.

आमच्याकडे आधी तेच फळीचं झालं. सुताराने चार फुटांची प्लायवूडची फळी करून आणली, खाली दोन लाकडी ठोकळे. ४५ सेंटिमीटर चढ, १२२ सेंटिमीटर लांबी. म्हणजे दर पावणेतीन फुटांना एक फूट. मी खुर्ची ढकलत वर नेऊ लागले तर पुढची छोटी चाकं हवेत उचलली गेली आणि बाबांचं डोकं माझ्या छातीवर आलं. वॉचमनने धावत येऊन मागून टेकू दिला म्हणून निभावलं. ती फळी पुढे गाद्या उतरवायला वापरली गेली.

नीट रँपला आणखी काय लागतं? दोन्ही बाजूंना कठडा. कडेला दोन-तीन इंचांचा उंचवटा, म्हणजे चाक घसरून बाहेर जात नाही. वर आणि खाली खुर्ची वळेल एवढी, साधारण दीड मीटरची सपाट जागा. रँप वरच्या टोकाला थेट दारात संपत असेल तर दार उघडताना खुर्ची मागे येते. रँप लांब असला की मध्ये विसाव्याचा सपाट टप्पा. आणि वर गुळगुळीत लादी नको. खरखरीत कोबा किंवा खाचा मारलेलं सिमेंट. आपल्याकडे चार महिने पाऊस असतो.

अठरा फूट सरळ जागा नसेल तर मध्ये सपाट टप्पा ठेवून रँप वळवता येतो. तेही शक्य नसेल तर छोटी प्लॅटफॉर्म लिफ्ट मिळते. फक्त सामासिक अंतरात, म्हणजे इमारतीभोवती नियमाने सोडलेल्या मोकळ्या जागेत, काहीही पक्कं बांधण्याआधी महापालिकेच्या इमारत परवानगी विभागात विचारा, आणि अग्निशमन दलाच्या गाडीचा रस्ता अडवू नका. नाहीतर विरोधकांच्या हातात आयतं कोलीत.

खर्च कोणी करायचा?

सामायिक जागेतलं काम सोसायटीचं, घरातलं काम ज्याचं त्याचं, असा सर्वसाधारण व्यवहार आहे. रँप, प्रवेशद्वार, लिफ्ट, जिन्याचा कठडा यांचा खर्च दुरुस्ती निधीतून सभेच्या ठरावाने करता येतो. ‘एकासाठी सगळ्यांनी का भरायचं?’ हा प्रश्न येणारच. आमच्या सभेत तो आला तेव्हा मी हात वर करायला सांगितलं, गुडघेदुखी कोणाकोणाला आहे? बावीस सभासदांत नऊ हात वर झाले. बाळाची गाडी, गॅसचं सिलिंडर, फ्रिज, सगळं रँपवरून जातं.

काही कुटुंबं ‘आम्हीच पैसे देतो, फक्त परवानगी द्या’ म्हणतात. घाई असेल तर जरूर द्या, पण ठरावात ‘सभासदाच्या खर्चाने, सोसायटीच्या मालकीचा’ असं लिहून घ्या. नाहीतर पुढची कमिटी तुमचा रँप ‘अनधिकृत’ म्हणून तोडायला येते. हे घडलेलं मी पाहिलं आहे.

अर्ज कसा लिहू?

तोंडी बोलून सुरुवात करा, पण तोंडीवर थांबू नका. अर्जात गहिवर नको, मोजमाप हवं. टेप घ्या, मोजा, मोबाइलवर फोटो काढा. मजकूर साधारण असा:

‘मी सदनिका क्रमांक अमुकमध्ये राहतो. मला चालता येत नाही, मी व्हीलचेअर वापरतो. इमारतीच्या प्रवेशद्वाराशी १५ सेंटिमीटरच्या ३ पायऱ्या असल्याने मला एकट्याला ये-जा करता येत नाही. डाव्या बाजूला ६ मीटर लांब व १.५ मीटर रुंद मोकळी जागा आहे. तिथे १:१२ उताराचा, दोन्ही बाजूंना कठडा असलेला रँप बांधावा, ही दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये वाजवी सोयीची मागणी आहे. कमिटीचा निर्णय ३० दिवसांत लेखी कळवावा. नकार असल्यास कारण द्यावे.’

दुसऱ्या प्रतीवर सोसायटीचा शिक्का आणि तारखेसह सही घ्या. ‘पोच’ मिळाली नाही तर अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा. ग्रुपवर टाकलेला मेसेज हा अर्ज नव्हे. तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो.

घरात बाथरूमचं दार मोठं करायचं आहे. सोसायटीची परवानगी लागते?

भिंत फोडायची असेल तर कमिटीला लेखी कळवून परवानगी घ्या. खांब, तुळई, आरसीसीच्या भिंतीला हात लावायचा नाही. पण बऱ्याचदा फोडाफोड लागतच नाही. फ्लॅटमधलं बाथरूमचं दार चौकट वजा जाता जेमतेम ६५ सेंटिमीटर मोकळं राहतं आणि खुर्ची तेवढीच रुंद असते, म्हणून ती अडकते. दार काढून सरकतं दार किंवा जाड पडदा लावला की दाराच्या जाडीएवढी, चार-पाच सेंटिमीटर जागा मिळते, आणि तेवढ्यात काम भागतं. दार ठेवायचं असेल तर ते बाहेर उघडणारं करा. माणूस आत पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

उंबरठा काढा, किंवा लाकडाची पाचर लावून सपाट करा. कमोडशेजारची आधाराची दांडी पोकळ पार्टिशनमध्ये नाही, विटांच्या भिंतीत बसवा. टाइल्सवर नुसती चिकटवलेली, व्हॅक्यूमची दांडी घेऊ नका. दिसायला छान असते.

पार्किंग सोडतीने देतात. माझा नंबर सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात लागला.

अदलाबदल मागा, ही वाजवी सोयीची सगळ्यात स्वस्त मागणी, सोसायटीचा रुपयाही जात नाही. प्रवेशद्वाराजवळची जागा हवी, आणि रुंदही. दार पूर्ण उघडून खुर्ची शेजारी लावायला ३.६ मीटर रुंदी लागते, आपल्या नेहमीच्या पट्ट्या अडीच मीटरच्या असतात. रांगेच्या टोकाची, शेजारी मोकळी वाट असलेली जागा निवडलीत तर एका बाजूला आपोआप मोकळं मिळतं. ‘ती जागा अमक्याने बिल्डरकडून विकत घेतली आहे’ असं कोणी म्हणालं तर २०१० चा पांचाली सोसायटीचा निकाल दाखवा. मोकळी किंवा स्टिल्टखालची पार्किंगची जागा बिल्डर सुटी विकू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटलं आहे.

लिफ्ट आहे, पण उपयोग नाही.

जुन्या इमारतींत तीन गोष्टी अडतात. पहिली, जाळीचं दार: हात अधू असलेल्या माणसाला ते ओढता येत नाही, स्वयंचलित दार बसवता येतं. दुसरी, लिफ्ट मजल्याच्या पातळीला थांबत नाही, दोन इंच वर किंवा खाली राहते, आणि खुर्चीची पुढची चाकं फटीत रुततात. हे देखभालीचं काम आहे, कंत्राटदाराला लेखी कळवा. तिसरी सगळ्यात वाईट: नंतर बसवलेल्या कित्येक लिफ्ट मधल्या लँडिंगवर थांबतात, पुढचा अर्धा जिना चढावाच लागतो. घर भाड्याने किंवा विकत घेण्याआधी हे स्वतः जाऊन बघा. ब्रोकर फक्त ‘लिफ्ट आहे’ एवढंच सांगतो.

लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद ठेवायची असेल तर आधी सूचना मागा. आमच्याकडे एकदा डायलिसिसच्या दिवशीच तीन तास बंद होती. मदतनिसालाही त्याच लिफ्टने जाऊ द्यायला हवं. ‘कामाच्या मावशींनी जिन्याने जावं’ हा नियम मुळातच घाणेरडा, आणि इथे तर मावशींचा हात खुर्चीच्या दांडीवर असतो.

दिसत नाही किंवा ऐकू येत नाही अशा सभासदांनी काय मागावं?

लिफ्टमध्ये ब्रेल बटणं आणि मजला बोलून सांगणारी सोय. पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी, कारण अर्धवट दिसणाऱ्यांची संख्या मोठी असते. सभेच्या नोटिसा आणि बिलं फोटो काढून टाकण्याऐवजी मजकूर म्हणून पाठवा, म्हणजे मोबाइल ती वाचून दाखवतो. बहिऱ्या सभासदांसाठी दिव्याची डोअरबेल, इंटरकॉमऐवजी मेसेज, आणि सभेत सांकेतिक भाषेचा दुभाषा किंवा निदान चर्चा लगेच लिहून दाखवणारा कोणीतरी. आग लागल्याचा भोंगा ऐकू न येणाऱ्याला कोण उठवणार, हे आधी ठरवून ठेवा. कोणत्या घरात कोणाला मदत लागेल ही यादी वॉचमनच्या केबिनमध्ये असायलाच हवी.

घरमालक भाड्याने द्यायला नाही म्हणतो. ‘खुर्चीने फरशी खराब होईल’ म्हणे.

इथे कायद्याचा हात तोकडा आहे. स्वतःचा एक फ्लॅट भाड्याने देणारा माणूस ‘आस्थापना’ नसतो, त्यामुळे त्याला गाठणं अवघड. पण अडवणूक सोसायटीकडून होत असेल तर चित्र बदलतं. सोसायट्यांसाठी सरकारने आखून दिलेल्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीचं ना-हरकत प्रमाणपत्र लागत नाही, सभासदाने फक्त कळवायचं असतं. ‘आमच्याकडे असे पेशंट नकोत’ असं कमिटीने म्हटलं तर ते लेखी मागा.

मालक तयार असेल तर लिव्ह अँड लायसन्सच्या करारातच लिहून घ्या: आधाराच्या दांड्या आणि सुटा रँप बसवायची परवानगी आहे, जाताना काढून भिंत पूर्ववत करून देऊ. करार नोंदवणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवलेल्या करारातलं हे एक वाक्य अनामत रकमेवरचं भांडण वाचवतं.

माझा मुलगा स्वमग्न आहे. तो ओरडतो, उड्या मारतो. खालचे शेजारी ‘घर सोडा’ म्हणतात.

घर सोडायला लावण्याचा अधिकार शेजाऱ्यांना नाही, कमिटीलाही नाही. मुलाच्या दिव्यांगत्वाशी जोडलेल्या आवाजाला ‘उपद्रव’ म्हणून दंड लावणं कलम ३ पुढे टिकणं कठीण. चारचौघांसमोर मुद्दाम अपमान किंवा दमदाटी केली तर कलम ९२ आहे, त्यात सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण ते कलम पहिल्याच दिवशी काढू नका. एका आईने केलं ते सांगते: तिने खालच्या काकूंना चहाला बोलावलं आणि संध्याकाळी सहा ते सात घरात बसवलं. दुसऱ्या दिवशी त्या काकूंनीच खेळायच्या जागी टाकायला जुनी सतरंजी आणि रबरी चटई आणून दिली. सगळ्याच काकू अशा नसतात, हेही खरं.

मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे. फ्लॅट त्याच्या नावावर करता येईल का?

येईल. पण पुढचा विचार करून. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तींसाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ आहे. मूल अठरा वर्षांचं झालं की आईवडीलही आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. हे बहुतेकांना बँकेत किंवा नोंदणी कार्यालयात सही अडल्यावर कळतं.

आणि कृपया नॉमिनेशनवर विसंबू नका. सोसायटीत नॉमिनी लावला म्हणजे घर त्याचं झालं असं नाही. नॉमिनी तात्पुरता सभासद होतो, मालकी वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. मृत्युपत्र करा, आणि घर त्या मुलासाठी सांभाळायला न्यास करायचा का हे वकिलाला विचारा. मोठ्या भावाच्या चांगुलपणावर सोपवलेली घरं नंतर विकली गेलेली मी पाहिली आहेत. भाऊ वाईट नव्हते, कर्जात होते.

म्हाडा, घरकुल, पंतप्रधान आवास यांत काय मिळतं?

कलम ३७ नुसार सरकारी गृहयोजनांत ५ टक्के आरक्षण, त्यातही महिलांना प्राधान्य. यासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. शहरी पंतप्रधान आवास योजनेत दिव्यांग सदस्य असलेल्या कुटुंबाला तळमजला किंवा खालचा मजला देण्यात प्राधान्य आहे. ताबा घेण्याआधी ते मागा, नंतर बदलून मिळणं फार कठीण. गावात असाल तर ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत त्या पैशांचा हिशोब विचारा. कित्येक ठिकाणी सतरंज्या आणि डबे वाटून तो निधी संपवलेला असतो, आणि त्याच गावात घरकुलाला रँप नसतो.

ही ४० टक्क्यांची अट रँप मागायलाही आहे का?

नाही. आरक्षण आणि योजनांसाठी आहे. भेदभावापासून संरक्षण सगळ्याच दिव्यांग व्यक्तींना. तरी स्वावलंबन या सरकारी पोर्टलवरून यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं ओळखपत्र, काढून ठेवा. २०२४ पासून कार्डाचे तीन रंग आहेत: ४० टक्क्यांखाली पांढरा, ४० ते ८० पिवळा, ८० च्या पुढे निळा.

नवीन फ्लॅट घेतोय. बिल्डरला काय विचारू?

मंजूर नकाशा मागा आणि त्यावर रँप शोधा. कलम ४४ म्हणतं की सुगमतेचे नियम पाळले नाहीत तर बांधकाम परवानगी द्यायची नाही आणि भोगवटा प्रमाणपत्रही नाही. मुंबईबाहेर राज्याच्या बहुतेक भागात लागू असलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही दिव्यांगांच्या सोयींचं प्रकरण आहे. नकाशात रँप आहे आणि जागेवर कुंड्यांचा बगीचा आहे, असं दिसलं तर महारेराकडे, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. मंजूर नकाशाप्रमाणे बांधणं बिल्डरवर बंधनकारक आहे.

८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या २०१७ च्या नियमांतला नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. त्या नियमामुळे सुगमतेची मानकं नुसत्या शिफारशींसारखी उरली होती. किमान काही मानकं बंधनकारक करा, असा आदेश न्यायालयाने दिला. रतुरी स्वतः दृष्टिहीन आहेत, आणि ही याचिका त्यांनी २००५ मध्ये केली होती. तारखा मोजून बघा.

आमची इमारत पुनर्विकासाला चालली आहे.

मग आत्ताच बोला. जोत्याची उंची, दारांची रुंदी, लिफ्टचा आकार, हे सगळं कागदावर आहे तोवर फुकटात बदलतं. विकास करारात तीन गोष्टी घाला: प्रवेशद्वार पायऱ्यांशिवाय, तुमच्या सदनिकेची सगळी दारं ९० सेंटिमीटर मोकळी, बाथरूमचंही, आणि मधल्या काळात तुम्हाला तळमजल्याचं किंवा लिफ्टचं घर मिळेल एवढं भाडं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. सगळ्यांना सारखं भाडं ठरतं, आणि व्हीलचेअरवाल्या माणसाला त्या भाड्यात मिळतं ते तिसऱ्या मजल्यावरचं, बिनलिफ्टचं घर. तीन वर्षं तो खाली उतरत नाही.

कमिटीने नकार दिला. आता कुठे?

सोसायटीच्या कारभाराची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे. सोसायटी आणि सभासद यांच्यातला वाद महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात. आणि दिव्यांगत्वामुळे झालेला भेदभाव पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयात, राज्य आयुक्तांकडे. मी आधी आयुक्तांकडेच जायला सांगते. वकील लागत नाही, अर्ज मराठीत चालतो, आणि समन्स काढण्याचे, कागदपत्रं मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत. ते शिफारस करतात, आणि संबंधितांनी त्यावर काय केलं ते तीन महिन्यांत कळवायचं असतं. शिफारस म्हणजे हुकूमनामा नव्हे. कमिटी अडूनच बसली तर पुढे न्यायालय आहेच. पण पुण्याहून आलेलं सुनावणीचं पत्र कमिटीच्या बैठकीत वाचलं जातं तेव्हा खोलीत जी शांतता पसरते, ती मी अनुभवली आहे. दिव्यांग हक्क कायदा मोडल्याबद्दल त्याच्या कलम ८९ खाली पहिल्या वेळी दहा हजारांपर्यंत दंड आहे, पुन्हा मोडला तर पन्नास हजार ते पाच लाख.

गोव्यातल्या वाचकांसाठी: केंद्राचा कायदा तोच, पण राज्य आयुक्त पणजीला आणि सहकार कायदा गोव्याचा वेगळा.

अमेरिकेतली बहीण म्हणते, तिकडे घरमालक नाही म्हणूच शकत नाही.

बऱ्याच अंशी खरं आहे. तिथल्या फेअर हाउसिंग कायद्यात १९८८ पासून दिव्यांगत्व आलं, आणि तो खाजगी घरमालकांनाही लागतो. मालक त्याच इमारतीत राहत असलेल्या छोट्या इमारतींना काही सूट आहे. पण खाजगी घरात दांड्या वगैरे बसवण्याचा खर्च तिथे साधारणपणे भाडेकरूलाच करावा लागतो. हे बहिणीने सांगितलं नसेल.

रँप झाला. आता झालं ना सगळं?

पहिल्या आठवड्यात आमच्या रँपच्या पायथ्याशी दोन स्कूटर होत्या, दुसऱ्या आठवड्यात झाडूवाल्याची बादली आणि कोणाच्या तरी तुळशीची कुंडी, दिवाळीत तर चक्क आकाशकंदिलांचा ढीग. पायथ्याशी दीड मीटरचा चौकोन पिवळ्या रंगाने आखून घ्या, त्यावर तिरके पट्टे मारा आणि वॉचमनच्या कामाच्या यादीत ‘सकाळ-संध्याकाळ रँप मोकळा आहे का बघणे’ ही ओळ घाला. कठड्याचे नट पावसाळ्यानंतर एकदा आवळून घ्या, गंजून सैल होतात. कुरिअरवाल्यांचं मात्र मला अजून जमलेलं नाही.